मिलिंदचं म्हणणं

शेवटच्या भेटीत मिलिंदने मला एकच गोष्ट विचारली आणि तिचं उत्तर मी खोटं दिलं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. डायलिसिस करून त्याला वॉर्डात परत आणलं होतं आणि मी पलंगाजवळच्या स्टुलावर मोसंबी सोलत बसलो होतो. "पाटील," तो म्हणाला, "बैठकीत माझं म्हणणं सांगितलंस ना? इथं सांगितलं होतंस तसं?" मी मोसंबीवरची नजर न काढता म्हणालो, "सांगितलं." "सगळं?" "सगळं." मग त्याने निकाल विचारला. वाचनालयातलं टेबल जाणार, एकमताने ठरलं, असं मी सांगितलं. त्याने मोसंबीसाठी हात पुढे केला. "जाऊ दे. हरायला आपली ना नाय. पण माणसाचं न ऐकता त्याला हरवू नये. तू सांगितलंस, त्यांनी ऐकलं, मग आपण हरलो. चालतंय." मोसंबीची एक फोड त्याने तोंडात धरली आणि डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होतो, तेव्हा त्याच्या बायकोचा, संगीतावहिनींचा फोन आला. मुलांना हातातलं काम ठेवायला सांगायचंही मला सुचलं नाही.

त्याच्याविषयी लिहाल का, अशी वर्तमानपत्राच्या पुरवणीकडून विचारणा झाली तेव्हा मी आधी टाळलं. शोकसभेतही बोललो नव्हतो. 'सर मुळातच कमी बोलतात' असं लोक म्हणतात आणि त्या समजुतीच्या आड मी बरीच वर्षं सुखाने राहिलो आहे. पण मिलिंदवर लिहायचं आणि हे सोडून बाकीचं लिहायचं, हे जमेना. दोनदा लिहून पाहिलं. दोन्ही वेळा मिलिंद फार चांगला आणि मी फार चांगला मित्र, असं काहीतरी तयार झालं. तो एवढा चांगला नव्हता. हुज्जत घालायला लागला की समोरच्याचा चहा गार होऊ द्यायचा, पत्त्यांत हरला की पिसणाऱ्याला बोल लावायचा, आणि स्वतःचं इंग्रजी उत्तम आहे अशी त्याची ठाम समजूत होती.

आम्ही बजाजनगरात शेजारशेजारच्या गल्ल्यांत राहायचो. मी कन्नड तालुक्यातला, शेतीवाडी असलेल्या घरातला, ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारा. तो बौद्ध घरातला, नर्सिंग शिकलेला, इस्पितळात 'ब्रदर' म्हणून लागलेला. माझं आडनाव पाटील नाही, पण ओळख झाल्यापासून तो मला पाटीलच म्हणायचा. कधी लाडाने, कधी टोचायला. शहराच्या नावावरूनही आमचं जमलं नाही. तो शेवटपर्यंत औरंगाबाद म्हणत राहिला, मी संभाजीनगर. वाळूजच्या नाक्यावरून एकाच रिक्षात बसायचो, दोघं दोन नावं सांगायचो, आणि रिक्षावाला म्हणायचा, "दोनों एकीच जगा उतरनेवाले हो ना, बैठो फिर."

मधली काही वर्षं मिलिंद इस्राएलमध्ये होता, जेरुसलेमला. आपल्याकडची बरीच मुलं तिकडे म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला जातात, तसा तोही गेला. ज्यांच्या घरी राहिला ते आजोबा हसिदी होते. ज्यू लोकांमधला हा भक्तिमार्गी पंथ. लांब काळे कोट, कानांपाशी सोडलेल्या बटा, गाणं, नाचणं, आणि गुरूंच्या गोष्टींवर गोष्टी. मिलिंद त्यांना 'साबा' म्हणायचा. तिकडच्या भाषेत साबा म्हणजे आजोबा. पहिल्याच आठवड्यात साबांनी त्याला विचारलं, तुझा देव कोणता? हा म्हणाला, मी देव मानत नाही, मी बौद्ध. मिलिंदला वाटलं, गेली नोकरी. पण साबांनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाले, नीट समजावून सांग, देवाशिवाय कसं काय चालतं ते. मग रोज नाश्त्यानंतर साबा मिलिंदचं म्हणणं स्वतःच्या तोंडून मांडायचे आणि विचारायचे, बरोबर? हा म्हणायचा, नाही, दुःखाचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असा अख्खा हिवाळा गेला. "आणि एक दिवस," मिलिंद हसत सांगायचा, "माझ्यापेक्षा झकास सांगितलं की बुढ्ढ्यानं. मी म्हणलं, व्हय, हेच. तर बाबा टाळी वाजवून म्हणतो कसा, झालं? आता ऐक, तू कुठं चुकतोस!"

त्यांच्या जुन्या परंपरेत म्हणे एकमेकांशी सतत वाद घालणाऱ्या विद्वानांची दोन घराणी होती. त्यांतलं एक घराणं आपल्या शिष्यांना आधी विरोधकांचं मत शिकवायचं आणि नंतर स्वतःचं. म्हणून निवाड्याच्या वेळी त्या घराण्याचं मानलं गेलं. ते हुशार होते म्हणून नव्हे. साबांच्या एका गुरूची आणखी एक शिकवण मिलिंद नेहमी सांगायचा. समोरच्याचं तोंड आपल्यासारखं नाही म्हणून आपण त्याच्यावर चिडतो का? मग मत आपल्यासारखं नाही म्हणून कशाला चिडायचं? यावर मिलिंद स्वतःची पुस्ती जोडायचा, "आन् त्याचं तोंड लई देखणं वाटलं म्हणून आपलं काढून खुंटीला टांगत नाय कुणी." मला ही पुस्ती मूळ शिकवणीइतकीच महत्त्वाची वाटते. समोरच्याचा आदर करायचा म्हणजे आपलं मत मऊ करायचं, असं साबांनाही मान्य नव्हतं आणि मिलिंदलाही. साबांचा एक शेजारी दुसऱ्या पंथाचा, त्यांचा जन्माचा विरोधक. त्याला अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. दर शनिवारी दुपारी साबा मिलिंदला चाकांची खुर्ची ढकलायला लावून त्याच्याकडे जायचे आणि त्या मुक्या माणसासमोर आधी त्याची बाजू मांडायचे. त्याने पापण्या मिटून होकार दिला की मग आपली. मिलिंदने विचारलं, एवढी यातायात कशाला? तर साबा म्हणाले, त्याची बाजू मी नाही बोललो तर कोण बोलणार, त्याच्या बाजूचे लोक तर आता त्याची नुसती कीव करतात.

मिलिंद परत आला त्या सुमाराला आम्ही काही जणांनी कॉलनीच्या सभागृहावरच्या खोलीत वाचनालय सुरू केलं होतं. कंपनीत फोरमन होते ते राऊतअण्णा अध्यक्ष. त्यांनी परदेशी यंत्रं येतात त्या खोक्यांचं लाकूड मिळवून एक लांबलचक टेबल करून घेतलं. फळ्यांवर छत्रीची आणि काचेच्या पेल्याची छापील चित्रं तशीच होती. रविवारी सकाळी त्या टेबलाभोवती बसून आम्ही पेपर वाचायचो आणि भांडायचो. मिलिंदने तिथे साबांचा नियम लावला. ज्याला विरोध करायचा त्याने आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, समोरचा 'व्हय' म्हणाला तरच स्वतःचं सुरू करायचं. पहिल्या काही रविवारी लोक वैतागून उठून गेले. राऊतअण्णा म्हणाले, "अरे, हे भांडण आहे का तोंडी परीक्षा?" पण हळूहळू सवय लागली. आरक्षणावरून जिल्हा तापला होता, घराघरांत व्हॉट्सॲपचे ग्रुप फुटत होते, त्या दिवसांतला एक रविवार मी विसरणार नाही. मी मराठा, माझी पोरगी काही गुणांनी मागे राहिलेली. मी आत धुमसत होतो आणि नेहमीप्रमाणे गप्प होतो. मिलिंद उठला आणि माझी बाजू त्याने मांडली. चार भावांत वाटणी होऊन उरलेली जमीन, पाटीलकीचा नुसता ताठा, पोरीला काय सांगायचं हे न कळणारा बाप... मी कुणाजवळ बोललो नव्हतो तेही त्यात होतं. मी 'व्हय' म्हणालो. त्यानंतर त्याने त्याची बाजू मांडली आणि ती माझ्या साफ विरोधात होती. गावातल्या विहिरीपासून इस्पितळातल्या ड्यूटीच्या याद्यांपर्यंत. "गरिबी तुझीबी हाय, माझीबी हाय," तो म्हणाला, "पण तुझ्या गरिबीला कुणी आडनाव विचारत नाय, पाटील." मला ते तेव्हा पूर्ण पटलं नाही, आजही नाही. पण घरी जाताना आम्ही एकाच गाड्यावर भजी खाल्ली.

मग दोन वर्षांपूर्वी मुलांची मागणी आली. सोयगाव, कन्नड, आणखी कुठून कुठून स्पर्धापरीक्षेसाठी शहरात आलेली मुलंमुली एकेका पत्र्याच्या खोलीत चौघं-पाच जण राहतात. त्यांना शांत जागा हवी होती. वाचनालयाची अभ्यासिका करा, टेबल काढून प्लायवूडचे कप्पे करा, एका कप्प्यात एक जण, असा ठराव आला. मी त्या बाजूचा होतो. आजही आहे, हे स्पष्ट लिहितो. शांतता ही गरजवंताची गरज असते. मी स्वतः कन्नडला एका शिक्षकांच्या ओसरीवर बसून बारावी केली. त्यांनी घरच्यांना तेवढा वेळ बोलू दिलं नाही म्हणून मी आज नोकरीत आहे. रविवारी वाद घालणं ही नोकरी असलेल्या माणसांची चैन, असं मी मिलिंदला तोंडावर म्हणालो होतो. तो विरोधात होता. ठराव बरेच महिने लोंबकळला आणि तेवढ्यात त्याच्या मूत्रपिंडांनी दगा दिला. बैठकीची तारीख ठरली तेव्हा तो इस्पितळात होता. त्याने मला बोलावून घेतलं.

"माझं तू बोल," तो म्हणाला. मी म्हटलं, मी तर विरोधात आहे, अण्णांना सांग. "म्हणून तर तुला सांगतोय. अण्णा माझ्या बाजूचे, ते रडतील. तू विरोधातला, तू नीट सांगशील. आता सांग बघू, काय म्हणणं हाय माझं?" पलंगाजवळ उभं राहून मी त्याची बाजू मांडली. तो मध्येच थांबवायचा, "नाय, हे राहिलं," आणि मी पुन्हा सुरू करायचो. वहिनी कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. शेवटी मी जे मांडलं ते असं. मुलांना जागा मिळालीच पाहिजे, सभागृहाच्या गच्चीवर शेड टाका, त्यासाठी मी दारोदार फिरेन. पण हे टेबल मोडू नका. या शहरात एकत्र बसायच्या जागा पुष्कळ आहेत, मिरवणुकीत आहेत, लग्नांत आहेत, पण तिथे सगळे एकाच दिशेला तोंड करून असतात. समोरासमोर बसून, ज्याचं पटत नाही त्याच्या डोळ्यांत बघत, त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने बोलावं लागतं अशी दुसरी जागा मला दाखवा. ही मुलं उद्या तहसीलदार होतील, फौजदार होतील. त्यांच्यासमोर भांडणारी माणसं उभी राहतील. प्रत्येक प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर असतं हे ती कप्प्यात बसून शिकतील, पण चुकीच्या वाटणाऱ्या माणसाचंही एक म्हणणं असतं हे कुठे शिकतील? ज्या शांततेत दुसरा माणूस दिसतच नाही, ती शांतता नव्हे, नुसता एकांत आहे.

"व्हय," मिलिंद म्हणाला. "एवढं मलाबी जमलं नसतं." मी खाली आलो, गाडी काढली, आणि वाळूजपर्यंतच्या रस्त्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. हे जसंच्या तसं सांगितलं तर मी हरणार होतो. लोक तर बदललेच असते, पण माझ्या स्वतःच्याही मनात काहीतरी हलू लागलं होतं आणि मला ते नको होतं. बैठकीत अण्णांनी विचारलं, "मिलिंदचा काही निरोप?" मी उभा राहिलो. म्हणालो, "मिलिंदला टेबल राहावं असं वाटतं. त्याच्या भावना गुंतल्यात त्यात. इतक्या वर्षांच्या आठवणी आहेत..." आणि खाली बसलो. कुणीतरी चुकचुकलं. कुणी म्हणालं, साहजिक आहे हो, आजारपणात माणूस हळवा होतो. मी तिथेही 'नाही, तसं नव्हे' म्हणालो नाही. ठराव एकमताने झाला, अण्णांनीही हात वर केला, मिलिंदच्या तब्येतीसाठी सगळे एक मिनिट उभे राहिले, आणि मला हायसं वाटलं. मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. ज्या माणसाने अख्ख्या टेबलासमोर माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली होती, त्याच्या म्हणण्याची मी भावना करून टाकली, एवढंच. साबांचा तो मुका शेजारी मला त्या दिवशी आठवला नाही. आता रोज आठवतो.

महिना उलटल्यावर मी संगीतावहिनींकडे गेलो आणि हे सगळं सांगितलं. मनात कुठेतरी होतं की त्या म्हणतील, जाऊ द्या भावजी. त्या तसं म्हणाल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग म्हणाल्या, "शेवटच्या दिवसांत त्यांना कशाचंच सुख नव्हतं. एवढं एकच होतं. येईल त्याला सांगायचे, पाटलानं माझं पुरं सांगितलं बघा, विरोधात असून. मला बी तेवढंच धरायला होतं. ते बी तुम्ही आज घेऊन चाललात." मी उठू लागलो, तर म्हणाल्या, "तुम्हाला मोकळं व्हायचं होतं, झालात. पण मला कशाला सांगितलं? मी कुठं होते त्या बैठकीत? जिथं टाकलंत तिथं जाऊन उचला." निघताना त्यांनी पाणी दिलं, चहा विचारला नाही. हा लेख लिहिण्याआधी मी त्यांना विचारून घेतलं. "लिहा," एवढंच म्हणाल्या, "पण त्यांचं म्हणणं अर्धं लिहू नका."

राऊतअण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "आता काय उपयोग सर, प्लायवूड बसलं, टेबल गेलं गच्चीवर. पोरं शिकतायत, चांगलंच झालं की." ते खरंही आहे. गेल्या रविवारी सकाळी मी अभ्यासिकेत गेलो. कप्प्याकप्प्यांतून वाकलेली डोकी, कानांत बोळे, पानं उलटल्याचा आवाज. मी दारात उभा राहून म्हणालो, थोडा वेळ द्याल का, या खोलीविषयी एक गोष्ट सांगायची राहिली आहे. काही जण वळले, काहींना ऐकूच आलं नाही. मी मिलिंदचं म्हणणं सांगितलं, त्यांच्या बसायच्या जागेच्या विरोधातलं, इस्पितळात सांगितलं होतं तसं. संपल्यावर कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "सर, एथिक्सच्या पेपरला येईल का हे?" दोघं-तिघं हसले आणि डोकी पुन्हा खाली गेली. मी जिना उतरायला लागलो.

मागून एक मुलगी आली. सोयगावकडची, गेल्या वर्षी थोडक्यात हुकलेली. जिन्यातच थांबून म्हणाली, "सर, राग नका मानू, पण मला नाय पटलं. आमच्या खोलीवर पाच जणी आहोत. इथं ही जागा नसती तर मी कवाच घरी गेले असते. तुमचे ते मित्र नोकरीवाले होते."

"मलाही पटलं नव्हतं," मी म्हणालो. "अजूनही पुरतं पटलेलं नाही."

"आँ? मग तुम्ही त्यांचं कशाला सांगत फिरताय?"

मी म्हटलं, "तुझं मी ऐकतो. पण इथे एक रीत होती. आधी त्याचं काय म्हणणं होतं, ते तुझ्या शब्दांत सांग."

तिने वर अभ्यासिकेकडे एकदा पाहिलं, वेळ जात असणार तिचा. मग भिंतीला टेकून तिने आठवायचा प्रयत्न केला. "म्हणजे... त्यांना त्या टेबलाची सवय झाली होती. इतक्या वर्षांचं होतं, आजारी पण होते. तर त्यांच्या भावना होत्या त्यात. असंच ना?"

ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. आता 'व्हय' की 'नाय' हे सांगायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. खाली अण्णा वर्तमानपत्र घेऊन दारात आले होते, तेही वर बघत उभे राहिले.

"नाही," मी म्हणालो. "भावना नव्हती ती. बस इथं पायरीवर, पुन्हा सांगतो."